हापूस पल्पचा मुंबईतला प्रवास: प्रकल्प नोंदी, मार्च ते नोव्हेंबर २०२५

३ मार्च, दादर

आमची शेतकरी उत्पादक कंपनी राजापूर तालुक्यात हापूसचा पल्प, म्हणजे डबाबंद गर, करते. कारखाना तिकडे, तुर्भ्याला भाड्याचं छोटं गोदाम आणि मुंबईची विक्री माझ्याकडे. संचालक मंडळाने या वर्षी एक काम नेमून दिलं आहे. मे महिन्यात भरलेला डबा मुंबईत कुणाच्या हातून विकला जातो आणि त्याचे पैसे किती दिवसांनी परत येतात, हे लिहून काढायचं. पुढच्या मालाची वाटणी त्यावरून ठरणार.

कॅनिंगचा आंबा पाच-सहा आठवड्यांत घ्यावा लागतो. बागायतदाराचे पैसे आठवडाभरात चुकते करावे लागतात, कारण फवारणी, राखण आणि काढणीची मजुरी त्याच्याही डोक्यावर असते. पत्र्याचे डबे, खोकी, डिझेल, सगळं रोखीने. विक्री मात्र वर्षभर रेंगाळते आणि मधल्या काळाचं व्याज बँक वसूल करते. यंत्रांना पीएमएफएमई या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेतून ३५ टक्के अनुदान मिळालं, पण खेळतं भांडवल आपलं आपणच उभं करायचं. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे भावाआधी पैसे येण्याची तारीख लिहायची, असं ठरवलं आहे.

डबे दोन मापांचे: घरगुती ८५० ग्रॅमचा आणि हलवाई-केटररसाठी ३.१ किलोचा.

११ मार्च, लालबाग-परळ

वितरकाच्या सेल्समनबरोबर त्याची पूर्ण बीट, म्हणजे दुकानांची ठरलेली फेरी, फिरले. किराणा दुकानात आमचा डबा वरच्या फळीवर, लोणच्यांच्या मागे. एका डब्याची कड चेपलेली होती. दुकानदाराने तो स्वतःच बाजूला काढला, कारण चेपलेला डबा गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं. शिवणीवर चेप असेल तर असा डबा विकूच नये, हे मीही त्याला सांगितलं. शिवण सैल झाली की आत हवा जाते आणि माल फसफसतो.

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी सरळच विचारलं, "ताई, आंबा तोंडावर आलाय. आता डबा कोण नेणार? श्रावणात या, चार खोकी ठेवतो." अगदी बरोबर आहे त्यांचं. एप्रिल-मेमध्ये दाराशी आंब्याची गाडी उभी असताना डब्याला किराणात गिऱ्हाईक नाही.

वितरकाच्या ऑफिसात बसून हिशेब मांडला. ८५० ग्रॅमच्या डब्याची एमआरपी २८० रुपये. दुकानदाराला २० टक्के, म्हणजे त्याची खरेदी २२४ ला. वितरकाला एमआरपीवर ८ टक्के, म्हणजे तो आमच्याकडून २०१.६० ला घेतो. त्यात १२ टक्के जीएसटी आहे. तो काढला की आमच्या हातात राहतात १८० रुपये. आंबा, डबा, मजुरी, वाफ, राजापूर ते तुर्भे भाडं आणि व्याज, सगळं त्या १८० त.

वितरकाची तक्रार मला पटली. बिस्किटावर त्याला ४ टक्केच सुटतात, पण ते पैसे दर आठवड्याला फिरतात. पल्पवर ८ टक्के सुटतात आणि पैसे फिरायला दोन महिने लागतात. दोन महिन्यांत तिकडे ३२, इकडे ८. अशा वेळी सेल्समन आधी बिस्किटाची ऑर्डर लिहून घेणार आणि वेळ उरला तर पल्पचं नाव काढणार. मार्जिन वाढवून हे सुटणार नाही. वर्षातले जे चार-पाच महिने डबा खपतो तेवढेच त्याच्याकडे माल ठेवायचा आणि बाकीचे महिने त्याचे पैसे अडकवायचे नाहीत, हा उपाय मला जास्त बरा वाटतो.

१९ मार्च, गिरगाव

पाडवा ३० तारखेला. डेअऱ्यांमध्ये आम्रखंडाची तयारी जोरात आहे. एका जुन्या डेअरीच्या मालकांनी, सगळे त्यांना काकाच म्हणतात, ३.१ किलोचा डबा माझ्यासमोर फोडला. आधी वास घेतला. मग कलथ्यावर थोडा पल्प घेऊन कलथा तिरका धरला आणि तो किती सावकाश उतरतो ते पाहिलं. मग मोजून चक्का घेतला, पल्प घालून फेटला, वाटी झाकून फ्रीजमध्ये ठेवली आणि मला म्हणाले, "उद्या या. आज कुठलाही पल्प चांगलाच दिसतो."

दुसऱ्या दिवशी गेले. वाटीच्या कडेला पाणी सुटलं नव्हतं. शेजारी दुसऱ्या कुठल्याशा पल्पची वाटी होती, तिच्यात कडेने पातळ पिवळं पाणी जमलं होतं. पल्प पातळ असला की आम्रखंड पहिल्या दिवशी घट्ट आणि दुसऱ्या दिवशी वाहतं. गिऱ्हाईक डबा घरी नेऊन दुसऱ्या दिवशी उघडतं, म्हणून काकांची परीक्षा दुसऱ्या दिवसाची.

आम्ही ब्रिक्स मोजतो आणि हापूसच्या पल्पला १६ च्या वर वाचन आलं की समाधान मानतो. पण ब्रिक्स म्हणजे विरघळलेला घन भाग, त्यात मुख्यतः साखर. पल्पमध्ये वरून साखर घातली तरी आकडा चढतो, घट्टपणा त्या मानाने वाढत नाही. काकांना बिनसाखरेचा पल्पच हवा, कारण साखर किती घालायची हे चक्क्याच्या आंबटपणावर ते ठरवतात. घरगुती डब्यात लोकांना थोडी साखर आवडते, थेट वाटीत ओतून पुरीशी खाता येतं. म्हणजे कोणता डबा कुणाला जाणार हे मे महिन्यातच, पातेल्यात साखर पडण्याआधी ठरलेलं हवं. आतापर्यंत आम्ही आधी भरायचो आणि मग गिऱ्हाईक शोधायचो.

रंगासाठी ते थोडा केशरचा पल्प मिसळतात, सुगंध हापूसचा ठेवतात. तोतापुरी त्यांच्याकडे चालत नाही. कृष्णगिरी आणि चित्तूरकडचा तोतापुरीचा पल्प २१५ किलोच्या ड्रममधून शीतपेयांच्या कारखान्यांना जातो. तो बाजार वेगळा आणि भावाच्या स्पर्धेत आम्ही तिथे उभेही राहू शकत नाही. त्यात शिरायचा विचार कुणी मांडला तर मी विरोध करणार.

काकांचे पैसे डबे उतरवताच. भाव किलोला रिटेलपेक्षा कमी. पण एका मोठ्या डब्यात साडेतीनहून जास्त छोट्या डब्यांचा माल बसतो. तितकी लेबलं, तितकी झाकणं, तितकी खोकी वाचतात आणि मध्ये कुणाचंच मार्जिन नाही.

२ एप्रिल, तुर्भे

पहाटे फळबाजारात. वाशीचा म्हणतात तो हा बाजार १९९६ मध्ये मुंबई शहरातून इथे आला. जुनी मंडळी अजून क्रॉफर्ड मार्केटच्या आठवणी काढतात. आम्ही इथे आंबा घेत नाही, तरी माझा इथला फेरा चुकत नाही, कारण आमच्या कारखान्याच्या दारात आंबा कधी येणार हे या गाळ्यांवरच्या भावातून कळतं.

सुरुवातीच्या पेटीला इतका भाव असतो की कॅनिंगला फळ देण्याचा विचार बागायतदार करतच नाही. आवक वाढते तसा भाव उतरतो. मग एक दिवस तो हिशेब करतो: खोकं, पेंढा, मजुरी, ट्रकचं भाडं, हमाली आणि वर दलालाच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, काय येईल याची धाकधूक, त्यापेक्षा गावातच काट्यावर किलोने घातलेलं बरं. त्या दिवसापासून आमचा काटा सुरू होतो. बारीक फळ, डागी फळ, वाऱ्याने पडलेलं फळ आधी येतं, चांगलं फळ मागाहून.

२०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट खरेदी करणाऱ्या आमच्यासारख्यांचा मार्ग त्यानंतर सरळ झाला. पण भाव ठरतो अजून इथेच. कॅनिंगचा दर कुठल्याच कागदावर वाशीशी बांधलेला नाही, तरी दोन्ही एकत्रच हलतात.

१२ एप्रिल, अंधेरी

एका मोठ्या साखळी दुकानाच्या खरेदी विभागात बैठक. अटी अशा: ३० टक्के मार्जिन, प्रत्येक मापासाठी नोंदणीचे वेगळे पैसे, ८९० ने सुरू होणारा बारकोड, न खपलेला माल परत, आणि पैसे ६० दिवसांनी. त्यांच्या मार्जिनने २८० च्या डब्यामागे जीएसटी काढून १७५ उरतात. वितरकापेक्षा फक्त ५ रुपये कमी, म्हणून पहिल्यांदा ऐकताना बरं वाटतं. नोंदणीचे पैसे आणि परतीचा माल त्यातूनच जाणार.

सगळ्यात महत्त्वाची अट बैठक संपता संपता कळली. त्यांच्या गोदामात माल पोचेल तेव्हा त्याचं किमान दोन तृतीयांश आयुष्य शिल्लक हवं. आमच्या डब्याचं आयुष्य १८ महिने. मेमध्ये भरलेला डबा नोव्हेंबरमध्ये १२ महिन्यांवर येतो आणि तिथे त्यांचं दार बंद होतं. डब्यातला माल उत्तम असतो, पण त्यांच्या संगणकाला तारीखच दिसते. हंगामी मालाचा धंदा आणि बारमाही मालाचे नियम यांचा मेळ असा बसत नाही. हे आमच्यासारख्या प्रत्येकाने करारावर सही करण्याआधी बोटांवर मोजून पाहावं. साखळीत माल द्यायचा तर जून ते ऑक्टोबर, पुढे नाही.

३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. डेअऱ्यांकडे जुन्या हंगामाचा शेवटचा माल गेला. गोदाम रिकामं.

८ मे, राजापूरहून फोन

काटा सुरू झाला. कारखाना सांभाळणाऱ्या वहिनींचा रोज रात्री फोन. एक किलो पल्पला साधारण दोन किलो आंबा लागतो, म्हणजे ८५० ग्रॅमच्या डब्याला १ किलो ७०० ग्रॅम. दर किलोला एक रुपया चढला की डब्यामागे १ रुपया ७० पैसे जातात. १८० रुपयांच्या हिशेबात हे लहान नाही. दर चढला म्हणून आम्ही एमआरपी मध्येच बदलू शकत नाही.

साक्याची कटकट यंदाही आहे. बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा भाग. नुसतं बाहेरून बघून तो ओळखता येत नाही. वहिनी प्रत्येक गाडीतून थोडी फळं उचलून कापतात आणि साका जास्त निघाला तर ती गाडी वेगळी ठेवून प्रत्येक फळ कापून घेतात. मजुरी वाढते, वेळ जातो, पण साक्याची फोड पल्परमध्ये गेली तर चव आणि रंग दोन्ही बिघडतात. काकांनी कलथा तिरका धरून जे पाहिलं, त्याची सुरुवात या कापण्यात आहे.

२६ मे

मुंबईत मान्सून आला. हवामान खात्याच्या नोंदींत याआधी तो इतक्या लवकर आलेला नाही. वरळीच्या आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानकात पाणी शिरलं. मी गोदामात डबे पॅलेटवर चढवण्यात दिवस काढला. ओल लागली की पत्र्याला गंज धरतो आणि खोकी बसतात.

कोकणात पावसाने आधीच झोडपलं होतं. आमच्या कॅनिंगचे सगळ्यात भरीचे दिवस हेच. भिजलेलं फळ अढीत टिकत नाही, देठाकडून कुजत जातं, फळमाशी वाढते. वहिनींनी दोन दिवस निम्म्याहून जास्त फळ काट्यावरून परत केलं. ज्यांचं परत गेलं ते आमचेच सभासद आहेत. त्यांना तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं ते फोनवरच्या आवाजात कळत होतं. शेवटच्या लॉटचं ब्रिक्स वाचन १६ च्या खाली आलं. तो लॉट डेअऱ्यांना द्यायचा नाही, साखर घालून घरगुती डब्यातच भरायचा आणि लेबलवर साखर स्पष्ट लिहायची, असं ठरवून टाकलं.

१४ जून, दादर

ठरवलं होतं त्यापेक्षा माल कमी झाला आहे. मंडळापुढे वाटणी ठेवली. निम्मा माल बिनसाखरेचा, मोठ्या डब्यांत, डेअऱ्या आणि केटररसाठी राखून. पाव भाग वितरकाला, पण श्रावणापासून. उरलेला साखळीला आणि प्रदर्शनांना.

एका निर्यातदाराचाही निरोप होता. आखाती देशांत मोठे डबे जातात, न्हावाशेव्याहून. वीस फुटी कंटेनरला साधारण हजार खोकी लागतात, खोक्यात सहा डबे, म्हणजे १८ टन ६०० किलो पल्प. त्यासाठी ३७ टन आंबा. यंदा ते दिलं असतं तर मुंबईतल्या कुणालाच काही उरलं नसतं आणि पुढच्या वर्षी गिरगावच्या काकांनी दारात उभं केलं नसतं. नम्रपणे नाही कळवलं.

मंडळात एका संचालकांचं म्हणणं होतं की साखळीत माल दिसला तर नाव होतं. नाव होतं हे खरं आहे. म्हणून थोडा माल देतोय. पण नावासाठी किती डबे आणि पगारासाठी किती, हे वेगवेगळे लिहायला हवेत.

२३ जुलै

साखळीच्या पहिल्या बिलाला ४५ दिवस उलटले. पैसे नाहीत. विचारल्यावर उत्तर, आमची पद्धत ६० दिवसांची.

सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत लावता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. त्यात आयकराचं ४३-बी (एच) हे कलम आल्यापासून असे थकवलेले पैसे देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. हा लाभ उत्पादकाला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. आम्ही स्वतः माल बनवतो, लघु उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी आहे. यापुढे प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापायचा. त्यांच्या लेखा विभागाला पत्र पाठवलं, कायद्याचा उल्लेख आणि बिलांची यादी एवढंच. सरकारी पोर्टलवर थकबाकीची तक्रार करायचा मार्ग आहे, तो आज वापरला नाही.

नंतरची भर: पत्रानंतर आठवड्याभरात पहिल्या बिलाचे पैसे आले. दुसऱ्याचं अजून बघायचं आहे.

२४ ऑगस्ट

गणपती २७ ला. वितरकाचा माल पहिल्यांदाच मागणी करून गेला. लालबागच्या त्या काकांनी शब्द पाळला, खरंच चार खोकी ठेवली आणि वर एक मागवलं. नैवेद्याला आमरस, प्रसादाला आंबा बर्फी, गावी जाणाऱ्यांकडून मात्र मागणी शून्य, तिथे घरोघर स्वतःचा आटवलेला रस असतो.

२२ सप्टेंबर

आजपासून पल्प, जॅम, लोणची, सॉस या सगळ्यावर जीएसटी १२ वरून ५ टक्के. निर्णय ३ तारखेला जाहीर झाला आणि त्या दिवसापासून वितरकाने खरेदीच थांबवली. दुकानदारही थांबले. महागात घेऊन स्वस्तात कोण विकणार? ऐन पितृपक्ष संपून नवरात्र लागायच्या वेळी जवळजवळ तीन आठवडे विक्री ठप्प.

आमच्या हातात १८० च राहावेत, वितरक आणि दुकानदाराचे टक्के तेच राहावेत, तर ५ टक्क्यांनी एमआरपी येते २६२.५०. आम्ही २६२ ठेवली. गोदामातल्या डब्यांवर नवी किंमत स्टिकरने लावायची मुभा वर्षअखेरपर्यंत आहे. जुनी किंमत झाकायची नाही, दोन्ही दिसली पाहिजेत. तुर्भ्याला दोन बायका दिवसभर स्टिकर लावत बसल्या आहेत. १८ रुपयांची ही घट पूर्ण गिऱ्हाइकापर्यंत गेली पाहिजे असं माझं ठाम मत आहे, मंडळानेही तेच मान्य केलं. दसरा २ ऑक्टोबरला, आम्रखंडाची मागणी डेअऱ्यांकडून सुरळीत चालू. त्यांना एमआरपीशी देणंघेणं नाही, त्यामुळे थांबलेल्या दिवसांतही तिकडचे पैसे येत राहिले.

६ नोव्हेंबर

साखळीचं दार तारखेमुळे बंद झालं, अपेक्षेप्रमाणे. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या एका कंपनीचा माणूस भेटून गेला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या सूचनेनुसार ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडताना त्याचं किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांचं आयुष्य शिल्लक असावं लागतं. त्या मापाने आमचा डबा पुढच्या मे-जूनपर्यंत चालतो. पण यांच्या गोदामाची स्वतःची अट पुन्हा जास्त कडक, आणि जाहिरातीचे पैसे वेगळे. यंदा नको. पुढच्या वर्षी ताज्या मालाबरोबर, एकाच मापाने करून बघता येईल.

तुळशीचं लग्न झालं, केटररचे फोन सुरू झाले. थंडीतल्या लग्नात आमरस-पुरीचं जेवण मुंबईत हमखास असतं आणि तेव्हा ताजा आंबा कुठेच नाही. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले माल उतरताना.

२१ नोव्हेंबर, गिरगाव

पुढच्या हंगामाची बोलणी. डेअऱ्यांपुढे प्रस्ताव ठेवला: एप्रिलमध्ये मागणीच्या २५ टक्के रक्कम आगाऊ द्यायची, त्यांचा माल बिनसाखरेचा, १६ ब्रिक्सच्या वर, वेगळा लॉट नंबर घालून राखला जाईल. भाव काट्याचा दर ठरल्यावर, किलोमागे ठरलेली वाढ धरून. पाऊस लवकर आला आणि माल कमी झाला तर सगळ्यांना सारख्या प्रमाणात कमी.

काकांनी कागद दोनदा वाचला. "लॉट नंबर कुठे छापणार?" विचारलं. डब्याच्या झाकणावर, म्हटलं. लेबल निघून जातं, झाकण राहतं. मग आणखी एक अट त्यांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिली: प्रत्येक लॉटचा एक डबा आधी पाठवायचा, दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल, त्यानंतरच गाडी भरायची. मी मान्य केलं आणि वहिनींना फोन करून सांगितलं की मेमध्ये पहिल्या लॉटचे डबे रात्रीच्या एसटीने पाठवावे लागतील. आगाऊ रक्कम मिळाली की आंब्याचा पहिला आठवडा बँकेच्या पैशाशिवाय निघतो. उरलेल्या डेअऱ्यांची उत्तरं डिसेंबरमध्ये घ्यायची आहेत.